काचारगडची शिळा आणि पुनर्कथनाचा प्रश्न

जुन्या दंतकथांना नवा साज चढवणाऱ्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आज कुमारवाचकांच्या विशेष आवडीच्या झाल्या आहेत. रिक रायर्डन यांच्या 2005 सालच्या पहिल्या पर्सी जॅक्सन कादंबरीमुळे ग्रीक देवता आमच्या भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांनाही परिचित झाल्या. मात्र ज्या भूमीत आपण राहतो, तिच्या लिंगोकथेची ओळख त्यांच्यापैकी किती जणांना असते? हा प्रश्न आम्हास वारंवार छळतो.

सालेकसा तालुक्यातील काचारगड 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. तेथील गुहेत माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. गुहेत कोंडलेले पूर्वज मुक्त झाले, ही त्या स्थानाची कथा.

ती लिखित स्वरूपात आली ती नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांतून. 1863 साली त्यांचा मृत्यू झाला आणि 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे संपादून प्रसिद्ध केली. या पाठात गोंडांच्या अंगाचा वास देवांना असह्य होतो, म्हणून महादेव खारीच्या मोहाने त्यांना गुहेत कोंडतो. चौघे भाऊ तेवढे निसटतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना भेटतो, त्यांच्याच हातून मारला जातो आणि अमृताने पुन्हा जिवंत होतो. पुढे तो बिंदो पक्ष्याची पिल्ले नागापासून वाचवतो, ती महादेवापुढे नेतो आणि गोंडांची सुटका मिळवतो. अद्भुत कादंबरीला लागणारे सारे काही येथे आहे!

पहिले पुनर्कथनही लवकरच झाले. 1871 च्या आपल्या ग्रंथात जेम्स फोर्सिथ यांनी ही कथा लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या छंदात बसवली. गोंडी गाथेला अमेरिकेतून उसना आणलेला ताल मिळाला.

परंतु काचारगडला येणाऱ्या भाविकांची कथा निराळी आहे. डॉ. मोतीरावण कंगाली (निधन 2015) यांनी आपल्या हिंदी ग्रंथांतून तिची मांडणी केली. तीत कोंडलेली आहेत कली कंकाली मातेची मुले. हिरासुका आपल्या वाद्याच्या सुरांनी त्यांच्यात बळ भरतो. मुले स्वतःच शिळा ढकलतात आणि गायक त्या शिळेखाली चिरडला जातो. पारी कुपार लिंगो येथे त्या मुलांचा गुरू ठरतो.

दोन पाठांतील हा भेद किरकोळ नव्हे. एकात सुटका वरून मिळते, तर दुसऱ्यात ती आतून घडते आणि तिची किंमत एका कलावंताला मोजावी लागते. एकात बंदिवासाचे कारण ‘वास’ आहे. ती तुच्छता कोणाच्या नजरेची, हे न विचारता जर कादंबरीकाराने हा पाठ उचलला, तर तीच तुच्छता तो नव्या पिढीच्या हाती देईल. ती गुपचूप गाळली, तर इतिहास पुसला जाईल.

म्हणूनच पुनर्कथन वाचताना ‘मूळ कथा कोणती?’ यापेक्षा ‘कोणाच्या तोंडची?’ हा प्रश्न आम्हास अधिक मोलाचा वाटतो. अध्यापकांनी वर्गात हे दोन्ही पाठ शेजारी ठेवावेत. शिळा कोणी हलवली, याचे उत्तर मग विद्यार्थ्यांनीच शोधावे.