‘केसरी’तील निनावी अग्रलेख आणि कर्तृत्वनिर्णयाची गणनापद्धती

‘केसरी’चा पहिला अंक 4 जानेवारी 1881 रोजी पुण्यात निघाला. अग्रलेखाखाली लेखकाची सही नसे. लेखणी कोणाचीही असो, बोलणारा ‘आम्ही’च असे. 1887 पर्यंत संपादकत्व गोपाळ गणेश आगरकरांकडे होते. तथापि त्या वर्षांत बाळ गंगाधर टिळक, आणि 1882 मधील मृत्यूपर्यंत विष्णुशास्त्री चिपळूणकर, यांचेही लेखन त्याच स्तंभांतून येत असे.

हे निनावीपण निष्कारण नव्हते. शिक्षेचा प्रसंग आला की लेखणी कोणाची याचा शोध दुय्यम ठरे. उत्तरदायी धरला जाई तो संपादक. 1882 च्या कोल्हापूर प्रकरणात आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. 1897 मध्ये टिळकांना दीड वर्षाची व 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. सहकाऱ्यांना जे कवच ठरले, तेच आज इतिहासकाराच्या वाटेतील अडसर आहे.

1884 मध्ये मलबारींची बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसिद्ध झाली आणि सामाजिक सुधारणेचा वाद पेटला. त्यानंतरच्या तीन वर्षांतील ‘आम्ही’ कोणते आगरकरांचे व कोणते टिळकांचे, यावर दोघांच्या मतपरिवर्तनाचा सारा आलेख अवलंबून आहे. बहुधा हा निर्णय मतांवरून केला जातो: लेख सुधारणावादी, म्हणून आगरकरांचा. मग त्याच लेखाच्या आधारे आगरकरांची मते सांगितली जातात! हा उघड अन्योन्याश्रय दोष होय.

1787–88 मधील अमेरिकन संविधानविषयक ‘फेडरलिस्ट’ निबंधांपुढे हाच प्रश्न होता. एकाच टोपणनावाने निघालेल्या 85 निबंधांपैकी 12 हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद होता. 1964 मध्ये मॉस्टेलर व वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी मतांकडे न पाहता किरकोळ शब्दांची वारंवारता मोजली आणि कौल मॅडिसनच्या बाजूने दिला. ‘अपॉन’ हे अव्यय हॅमिल्टन वरचेवर वापरी, मॅडिसन क्वचित. विषय बदलला की नामे बदलतात. अव्ययांकडे लेखकाचे लक्ष नसते, म्हणून तीच साक्ष विश्वसनीय.

मराठीत ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. आपले किरकोळ शब्द शब्दांना चिकटून येतात. ‘लोकांनीच’ हा संगणकाच्या दृष्टीने एकच शब्द, परंतु त्यातील ‘च’ हा शैलीचा पुरावा आहे. तेव्हा प्रत्यय व शब्दयोगी अव्यये आधी वेगळी करावी लागतात. ‘व’ आणि ‘आणि’, ‘पण’ आणि ‘परंतु’ यांतील निवड मात्र सरळ मोजता येते. नव्या शुद्धलेखनाप्रमाणे छापलेल्या आवृत्त्यांत जुने अनुस्वार गळाले असल्याने अंकांचा मूळ पाठच घ्यावा. तरीही लेखनपद्धतीतील काही लकबी खिळे जुळविणाऱ्याच्या असू शकतात, हे विसरून चालणार नाही.

तुलनेसाठी निश्चित नमुने हवेत. आगरकरांपुरते 1888 मध्ये निघालेल्या ‘सुधारका’तील मराठी लेखन उपयोगी पडेल. टिळकांच्या बाबतीत अडचण अधिक, कारण पुढे न. चिं. केळकर व कृ. प्र. खाडिलकर हेही ‘केसरी’त लिहीत. येथे इतिहासानेच एक उत्तम कसोटी पुरविली आहे: 1908 च्या जुलैपासून 1914 च्या जूनपर्यंत टिळक कैदेत होते. या काळातील अग्रलेख जी पद्धती टिळकांच्या नावे घालील, ती त्याज्य समजावी. सहकाऱ्याच्या मजकुरावर संपादकाची लेखणी फिरली असल्यास काय, हा प्रश्न या कसोटीनेही सुटत नाही. अशा लेखाला एकच कर्ता शोधणे हेच कदाचित चूक.

बोरी-जिंतूरचा परिसर, किंबहुना सारा परभणी जिल्हा, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याविषयी लिहिणाऱ्या मराठी पत्रांचा प्रश्न आणखी बिकट आहे. आ. कृ. वाघमारे यांनी 1937 मध्ये काढलेले ‘मराठवाडा’ साप्ताहिक बंदी येताच नाव बदलून निघे. तेथे लेखकाच्या आधी पत्राचीच ओळख पटवावी लागते. विद्यार्थ्यांच्या गटाने काम हाती घ्यावयाचे तर प्रथम प्रत्येक अंकाची नक्कल दोघांनी स्वतंत्रपणे करावी व पाठभेद मूळ पानाशी ताडून पाहावेत. मोजणी त्यानंतर.