बॅकअपच्या आधी, बॅकअपच्या नंतर

मुळशी तालुक्यातल्या माण गावच्या जमिनीवर राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा उभा आहे. न्यूयॉर्क-डेट्रॉइटकडे रात्रीचा एक वाजतो, तेव्हा माणमध्ये ऋतूप्रमाणे सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. म्हणजे इथून सांभाळला जाणारा तिकडचा रात्रीचा बॅकअप इकडे ऐन ऑफिसच्या वेळेत चालतो. तो फेल गेल्याचं तिकीट आलं, की मुरलेला माणूस डिस्क-टेप बघण्याआधी विचारतो, ‘प्री-स्क्रिप्ट चालली का?’

बॅकअपच्या आधी आपली एक कमांड चालवायची आणि बॅकअप संपल्यावर दुसरी, एवढीच ही युक्ती. ती निघाली एका साध्या अडचणीतून. दुकानदार खतावणीत जमा-नावे लिहीत असताना शेजारी बसून कोणी तिची नक्कल उतरवू लागला, तर नकलेत जमा सापडेल आणि नावे निसटेल. चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या कॉपी केल्या, की नेमकं हेच होतं. कॉपी निघते, पण ती कुठल्याच एका क्षणाची नसते.

यावरचा पहिला उपाय सरळ होता: डेटाबेस बंद करा, कॉपी काढा, पुन्हा सुरू करा. युनिक्सच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीत फायलींची मोट बांधणारी ‘टार’ आणि ठरल्या वेळी काम सुरू करणारा ‘क्रॉन’ हे दोन्ही होते. बंद, टार, चालू अशा तीन ओळींची स्क्रिप्ट क्रॉनच्या हवाली केली, की रात्री कोणी जागायला नको. तेव्हा आधी-नंतरच्या वेगळ्या जागांची गरजच नव्हती. बॅकअप ही त्या स्क्रिप्टमधली मधली ओळ होती.

पुढे यंत्रं वाढली आणि वेळापत्रक एका मध्यवर्ती सर्व्हरकडे गेलं. या वळणाचं एक ठळक घराणं निघालं मोटारीच्या कारखानदारीतून, हे चाकणच्या शेजाऱ्यांना आवडावं. 1987 मध्ये क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीने कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनकडून बॅकअपचा प्रोग्रॅम लिहून घेतला. 1993 मध्ये त्याचं नाव ‘बॅकअप-प्लस’ झालं आणि वर्षअखेरीस तो ओपनव्हिजन कंपनीने घेतला. तोच आजचा ‘नेटबॅकअप’. 1997 मध्ये तो व्हेरिटास कंपनीकडे गेला. मालक बदलत राहिले, खुणा मात्र उरल्या: युनिक्सवर तो अजून ‘ओपनव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये बसतो आणि त्याच्या बऱ्याच कमांडी ‘बीपी’ने सुरू होतात.

बॅकअप आता सर्व्हर सुरू करत असल्याने आपल्या कमांडींसाठी वेगळ्या जागा लागल्या. नेटबॅकअपमध्ये बॅकअपआधीच्या स्क्रिप्टचं नाव ‘बीपीस्टार्ट-नोटिफाय’, नंतरच्या स्क्रिप्टचं ‘बीपीएंड-नोटिफाय’. पहिली स्क्रिप्ट शून्य हा कोड देऊन संपली, तरच बॅकअप पुढे सरकतो. दुसरा कुठलाही आकडा आला, तर स्टेटस 73. ती अडकून पडली आणि ठरलेली मुदत, एरवी 300 सेकंद, उलटली, तर 74. काय चालवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला फक्त झालं की नाही ते सांगा, असा हा करार.

दरम्यान डेटाबेसही सुधारले. 1988 च्या ओरॅकल 6 मध्ये ‘हॉट बॅकअप’ आला. आता आधीच्या कमांडीने डेटाबेस बंद करायचा नाही, ‘बॅकअप मोड’मध्ये टाकायचा, नंतरच्या कमांडीने बाहेर काढायचा. मधल्या वेळात बदललेला ब्लॉक पहिल्यांदा अख्खाच्या अख्खा रीडो लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिला जातो, त्यामुळे लॉग फुगत जातो. बॅकअप मधेच कोलमडला आणि नंतरची कमांड चाललीच नाही, तर डेटाबेस त्याच मोडमध्ये अडकून राहतो. म्हणून ‘बॅक्युला’ या बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये, ज्याचं काम 2000 मध्ये सुरू झालं, जॉब नीट संपल्यावर चालणारी कमांड वेगळी आणि फसल्यावर चालणारी वेगळी ठेवली गेली.

मग हीच रीत खालच्या थरांत उतरली. विंडोजने एक्सपी आणि सर्व्हर 2003 पासून तिची रीतसर सेवाच केली: अॅप्लिकेशनला क्षणभर थोपवायचं, जास्तीत जास्त 10 सेकंदांत स्नॅपशॉट घ्यायचा, पुन्हा सोडायचं. व्हीएमवेअरने ‘प्री-फ्रीझ’ आणि ‘पोस्ट-थॉ’ या स्क्रिप्टी दिल्या. कुबरनेटीसच्या बॅकअपसाठी ‘हेप्टिओ आर्क’ नावाने सुरू झालेल्या ‘व्हेलेरो’ने त्यांना ‘हुक’ म्हटलं. पुण्यात पूर्वी व्हेरिटासमध्ये काम केलेल्या मिलिंद बोराटे आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ‘द्रुवा’ ही कंपनी काढली. तिचा बॅकअप क्लाउडवर गेला, पण तिथेही प्री-पोस्ट स्क्रिप्टींना जागा ठेवावीच लागली.

चार दशकांत टेप बदलणारे रोबो आले, क्लाउड आला. या दोन जागा हलल्या नाहीत. बॅकअपच्या प्रोग्रॅमला फायली कळतात, धंदा कळत नाही. महिनाअखेरीचा पगाराचा जॉब चालू आहे का, कुठली रांग आधी रिकामी करायची, हे तिथल्याच माणसाला ठाऊक असतं. त्याच्यासाठी ठेवलेली ही मोकळी जागा आहे.

तिचा धोकाही त्यातच आहे. नेटबॅकअपची ही स्क्रिप्ट ज्या यंत्राचा बॅकअप घ्यायचा त्या यंत्रावरच असते. यंत्र नव्याने उभारताना ती न्यायची राहिली, तर नेटबॅकअप तक्रार करत नाही; स्क्रिप्टच नाही म्हणजे चालवायचं काही नाही, असं समजून पुढे जातो. रोज सकाळी जॉब हिरवा दिसतो, आणि कॉपी अर्धवट आहे हे रिस्टोअरची वेळ आल्यावरच कळतं. माणमधल्या त्या तिकिटावर लाल रंगात आलेला 73 म्हणून बराच परवडतो.