काडीमोड, सोडचिठ्ठी आणि कायदा

थेरीगाथेतील इसिदासी थेरीची कथा पालीच्या अभ्यासकांस परिचित आहे. उज्जेनीच्या श्रेष्ठीची ही कन्या. साकेतच्या पतीने तिचा दोष नसताना तिला टाकले. पित्याने अर्ध्या शुल्कात लावलेला दुसरा विवाह एक महिना टिकला आणि तिसरा पंधरवड्यात मोडला. तीनही वेळा संबंध तोडण्याचा निर्णय पुरुषाचाच होता, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो.

कोकणातील जातिरूढीतही ही विषमता होती. ब्राह्मणी शास्त्राने विवाह अविच्छेद्य मानला, तरी बहुजन जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी व पाट रूढ होते. हिंदू कोड बिलावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच वास्तव विरोधकांपुढे मांडले होते. या रूढीमुळे स्त्रीला पुन्हा संसार मांडता येई, हा तिचा गुण होय. परंतु चिठ्ठी लिहून देणारा बहुधा पतीच असे.

मुंबई प्रांताने 1947 साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. राजपुरी खाडीवरील दिघी त्या वेळी जंजिरा संस्थानात होती. ते संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. बिल रखडल्यामुळे बाबासाहेबांनी 27 सप्टेंबर 1951 रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1955 चा हिंदू विवाह कायदा आला, आणि तो बौद्धांनाही लागू आहे. क्रूरता व दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची कारणे, तसेच परस्परसंमतीचा मार्ग, 1976 च्या दुरुस्तीने मिळाला.

याच कायद्याच्या कलम 29 ने रूढीने होणारा घटस्फोट कायम ठेवला आहे. मात्र ती रूढी दीर्घकाळ व अखंड चालत आली आहे, हे सांगणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. आमच्या मते खरा प्रश्न येथेच उभा राहतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ज्यांनी जात टाकली, त्यांनी घटस्फोटासाठी कोणत्या जातीच्या रूढीचा आधार घ्यावा? रूढी सिद्ध न झाल्यास मुद्रांकावरील सोडचिठ्ठी निरर्थक ठरते; त्या भरवशावर केलेला दुसरा विवाह अवैध होतो आणि त्याची झळ प्रामुख्याने स्त्रीला बसते.

म्हणून आपल्या उपासिकांनी सोडचिठ्ठीवर विसंबू नये. न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावा व पोटगीचा हक्क मागावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना वकिलाचे साहाय्य विनामूल्य मिळते. इसिदासीला निर्णयाचा जो अधिकार नव्हता, तो आज कायद्याने स्त्रीच्या हाती दिला आहे.