छाट कलम

छाट कलम म्हणजे वनस्पतीच्या खोडाचा, मुळाचा किंवा पानाचा तुकडा वेगळा करून, त्यास मुळे फुटवून नवे रोप तयार करण्याची पद्धत होय. वेगळा केलेल्या तुकड्यास 'छाट' म्हणतात. शाकीय अभिवृद्धीच्या या प्रकारात दुसऱ्या झाडाच्या खुंटाची गरज लागत नाही. त्यामुळे बागकामास नव्याने आरंभ करणाऱ्यांस ती सोयीची ठरते. उसाचे बेणे लावणे हाही छाट कलमाचाच प्रकार आहे.

तत्त्व

शेंड्यात व कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली वाहते आणि छाटाच्या तळाशी साचते. तेथे आगंतुक मुळे फुटतात. मुळे येईपर्यंत छाटास पाणी फारसे शोषता येत नाही, पानांतून बाष्पोत्सर्जन मात्र चालूच असते. छाट या काळात सुकून किंवा कुजून मरू शकतात.

प्रकार

पक्व फांदीचे छाट गुलाब, अंजीर, द्राक्ष व बोगनवेल यांसाठी, अर्धपक्व फांदीचे जास्वंद व क्रोटन यांसाठी, तर कोवळ्या शेंड्यांचे छाट शेवंती व कोलियस यांसाठी वापरतात. पानफुटीचे रोप पानापासूनही होते.

कृती

निरोगी झाडाची, शक्यतो फुले नसलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडतात. १५ ते २० सेंमी लांबीच्या छाटावर तीन-चार डोळे असावेत. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरपा, तर वरचा डोळ्याच्या किंचित वर घेतात. त्यामुळे छाटाची खालची बाजूही ओळखता येते. उलटा लावलेला छाट सहसा रुजत नाही. खालची पाने काढून वरची मोठी पाने निम्मी कापतात. निचरा होणाऱ्या वाळूमिश्रित माध्यमात किमान दोन डोळे पुरून कुंडी सावलीत ठेवतात. अवघड जातींसाठी छाटाच्या तळाला इंडॉल ब्युटिरिक आम्लाची पूड लावतात. पावसाळ्यातील दमट हवा या कामास अनुकूल असते.

रुजल्याची खूण

पालवी फुटणे ही छाट रुजल्याची खात्रीची खूण नव्हे. फांदीतील साठलेल्या अन्नावरही डोळे फुटतात. मुळे नसल्यास ती पालवी पुढे कोमेजते. गुलाबाच्या बाबतीत नवशिक्यांची अशी फसगत वारंवार होते. छाट उपटून पाहिल्यास कोवळी मुळे तुटतात. हलके ओढल्यावर जाणवणारा विरोध किंवा कुंडीच्या छिद्रातून दिसणारी मुळे ही अधिक भरवशाची खूण आहे.

मर्यादा

नव्या रोपात सामान्यतः मूळ झाडाचेच गुण उतरतात, तसेच काही रोगही येतात. उसातील गवताळ वाढीचा रोग बाधित बेण्यातून पसरतो. आंब्याच्या छाटास मुळे सहजासहजी फुटत नाहीत. म्हणून त्यासाठी भेट कलम, कोय कलम इत्यादी पद्धती वापरतात.