छाप आणि बोली

जानेवारी २०१९ मध्ये सदबीज या लिलावगृहाने 'सुप्रीम' या अमेरिकी कंपनीच्या २४८ स्केटबोर्डांचा संपूर्ण संच विक्रीस काढला. त्याला आठ लाख डॉलर मिळाले. या फळ्यांना चाकेही लावलेली नव्हती. स्केटबोर्डवरील चित्र फळीच्या वरच्या बाजूस नसते, ते खालच्या बाजूस छापलेले असते. पोरे त्या फळीवर उभी राहून पायऱ्यांच्या कडांवरून, लोखंडी कठड्यांवरून घसरत जातात, तेव्हा सर्वांत आधी खरवडून निघते ते हेच चित्र. म्हणजे चित्र शाबूत राहिले याचा अर्थ फळी कधी वापरलीच गेली नाही. संग्राहक जुन्या फळीला जी किंमत देतो ती, नीट पाहिले तर, तिच्या न झालेल्या उपयोगाची किंमत असते.

ही गोष्ट सोलापूरच्या वाचकाला दूरची वाटेल. शहरात अशा फळ्या जमवणारे कोणी असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु चित्र छापलेली, स्वस्त, वापरताना नष्ट व्हावी याच हेतूने केलेली आणि आज संगणकाच्या पडद्यावर बोली लावून विकली जाणारी एक वस्तू या शहराच्या इतिहासात आहेच. ती म्हणजे कापडाच्या ठाणावर आणि सुताच्या गठ्ठ्यावर डकवलेले कागदी टिकट. व्यापारी बोलीत त्यालाच छाप किंवा मार्का म्हणत. या टिकटांच्या बाजारभावावरून इतिहास लिहिण्याचा मोह अलीकडे वाढतो आहे, म्हणून त्या भावांविषयी काही लिहावे असे वाटले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टर आणि ग्लासगोहून हिंदुस्थानात येणाऱ्या प्रत्येक ठाणाच्या दर्शनी घडीवर एक रंगीत चित्र चिकटवलेले असे. रॅली ब्रदर्स, ग्रॅहॅम अशा पेढ्यांची ही टिकटे शिळाछापाने छापली जात. एकेका रंगासाठी वेगळा दगड, वर कधी सोनेरी शाईचा हात. विषय म्हणाल तर देवदेवता, राजेमहाराजे, वाघ, हत्ती, आगगाडी, आरशात पाहणारी स्त्री. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी हीच रीत उचलली. गिऱ्हाइकाला अक्षरओळख नसली तरी हत्ती ओळखता येतो, हे या व्यवहाराचे साधे तत्त्व होते. दुकानात येणारा माणूस कंपनीचे नाव घेत नसे, तो छापाचे नाव घेई. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा ज्या बाजारपेठेत शेजारी शेजारी नांदतात तेथे तर चित्र हीच पाचवी आणि सर्वांना समजणारी भाषा ठरली असणार.

साहित्याच्या विद्यार्थ्याला 'छाप' हा शब्द अपरिचित नाही. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा आणि शाहिराच्या कवनातील छाप यांचे काम हेच होते: माल कोणाचा हे सांगणे, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या गुणवत्तेची हमी देणे. सोलापूरच्याच राम जोशींच्या रचनांतील 'कविराय' ही अशीच छाप. आणि ज्या छापेला बाजारात मान तिची नक्कल होणार, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडला. संतांच्या गाथांतील प्रक्षिप्त अभंगांनी पाठसंशोधकांना जे काम दिले, तेच बनावट टिकटांनी वकिलांना दिले. १८७५ च्या ब्रिटिश व्यापारचिन्ह कायद्यानंतर कापडाच्या चिन्हांची मँचेस्टरमध्ये स्वतंत्र नोंदणी होऊ लागली. हिंदुस्थानात १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आला आणि ठाणाची खरी लांबी वारांमध्ये, इंग्रजी आकड्यांत, कापडावर ठोकणे सक्तीचे झाले. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा अखिल भारतीय कायदा मात्र १९४० पर्यंत झाला नाही. हा तपशील रूक्ष वाटला तरी तो लक्षात ठेवावा लागतो. ज्याची नोंदणी झाली त्याचा नमुना सरकारी दफ्तरात राहिला, आणि ज्याची झाली नाही ते केवळ कापडावरच राहिले.

आता सोलापूरकडे वळू. १८६० साली येथे रेल्वे पोहोचली आणि शहर कापसाचे मोठे पेठेचे ठिकाण झाले. मोरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने १८७४ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली. गावाच्या तोंडी ती 'जुनी गिरणी'. त्यानंतर लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि नवानगरच्या रणजितसिंहजींचे नाव धारण करणारी जाम मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या. या गिरण्या कापड विणत, तशाच हातमागांना सूतही पुरवत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या घराघरांत माग होते.

येथे टिकटाचे काय होत असे ते पाहण्यासारखे आहे. हातमागाचे सूत साधारण दहा रत्तलांच्या गठ्ठ्यांत बांधून विकले जाई आणि टिकट त्या गठ्ठ्यावरच असे. विणकराच्या घरात गठ्ठा सोडताना पहिला टरका बसणार तो त्यालाच. ठाणाचे टिकट दुकानदाराच्या कात्रीपर्यंत टिके. लुगडे किंवा धोतर घरी नेल्यावर पहिल्या धुण्यात राहिलेला कागदही सुटे. एखाद्या घरात देवाचे चित्र म्हणून ते सोडवून भिंतीवर लावले गेले असेल, तर पुढे धुराने आणि चुन्याच्या हाताने त्याची वासलात लावली. सोलापूरचे टिकट ज्या ज्या ठिकाणी खरोखर पोहोचले, त्या त्या ठिकाणी ते संपले.

याला राजकारणाचाही हात लागला. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा त्या ठाणांवरचे राम-कृष्णही ठाणांबरोबर जळाले असणार. मँचेस्टरने देवांची चित्रे लावून विकलेले कापड धर्मबुद्धीने जाळावयाचे, यातील विसंगती तत्कालीनांना किती जाणवली हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. त्या काळच्या सोलापुराविषयी आपल्याकडे न्यायालयाची आणि पोलिसांची कागदपत्रे आहेत, वृत्तपत्रे आहेत, आठवणी आहेत. त्या वर्षी गिरणीतून बाहेर पडलेल्या धोतरजोडीवर कोणते चित्र होते, हे मात्र सहज सांगता येत नाही.

जुन्या गिरणीचा उत्तरकाळ तर कायद्याच्या ग्रंथांतच अधिक नांदतो. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि एका भागधारकाने त्यास आव्हान दिले. चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा १९५० चा निकाल आणि द्वारकादास श्रीनिवास यांचा १९५३ चा निकाल घटनेच्या अभ्यासकाला तोंडपाठ असतात. सोलापूर कधी न पाहिलेल्या विद्यार्थ्याला 'सोलापूर मिल' ठाऊक असते ती अशी. गिरणी पुढे १९६३ साली कायमची थांबली.

आता बोलीविषयी. 'लिलाव' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, 'हर्रास' अरबीतून आला. दोन्ही शब्दांत पूर्वी एक दुःखाची छटा होती. हर्रास व्हायची ती कर्जबाजाऱ्याच्या भांड्यांची किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या यंत्रांची. १९९५ साली सुरू झालेल्या ईबेने ती छटा पुसून टाकली. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू एक मोडका लेझर पॉइंटर होता, किंमत १४.८३ डॉलर. मोडकी वस्तूच हवी असणारा माणूस जगात कोठेतरी असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचता येते, हा तो शोध. आपल्याकडे २००४ साली ईबेने 'बाझी' ही भारतीय कंपनी विकत घेतली आणि जिल्ह्याच्या गावचा नाणी-तिकिटे जमवणारा माणूसही त्या बाजारात उतरला. ईबेचे ते भारतीय दालन ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. व्यवहार थांबले नाहीत, त्यांनी जागा बदलली एवढेच.

या लिलावातील किंमत कशी ठरते हे इतिहासाच्या अभ्यासकाने समजून घ्यावयास हवे. बोली लावणारा आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीने पायरीपायरीने बोली वाढवत नेते. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस जेथे थांबतो, त्याच्या वर एक पायरी चढली की विक्री होते. म्हणजे विकत घेणाऱ्याला ती वस्तू किती मोलाची वाटली हे त्या आकड्यातून कळतच नाही. हरणाऱ्याला ती किती मोलाची वाटली, हे कळते. एका रविवारी दोन हट्टी माणसे जागी असली तर टिकट महाग, एक झोपी गेला तर तेच टिकट मातीमोल. त्याखेरीज मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत महदंतर असते. वर्षानुवर्षे न विकला गेलेला कागद मोठ्या आकड्याची पाटी लावून तसाच बसून राहतो आणि हौशी लेखक तोच आकडा 'बाजारभाव' म्हणून उद्धृत करतात.

परंतु यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. विक्रीला येतात ती टिकटे बहुतांशी कापडावर गेलेलीच नसतात. ती येतात छापखान्यांच्या आणि परदेशी पेढ्यांच्या नमुनावह्यांतून. त्या वह्यांत टिकट कोरे, सपाट, झळझळीत राहिले. साहजिकच आमच्या पाहण्यात आलेल्या विक्रीयाद्यांत मँचेस्टरच्या पेढ्यांचा भरणा मोठा, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या त्याखालोखाल, आणि सोलापूरचे नाव क्वचित. यावरून सोलापूरच्या गिरण्यांना चित्रांची हौस नव्हती असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. ज्यांचा माल खपला आणि वापरला गेला त्यांचा कागद उरला नाही, आणि ज्यांच्या कचेरीत नमुने पडून राहिले त्यांचा उरला. लिलावाचे दफ्तर हे वापराचे दफ्तर नव्हे.

त्यात पुन्हा नमुनावही अखंड विकण्यापेक्षा पाने सुटी करून विकणे फायद्याचे असते. वही फोडली की कोणते टिकट कोणत्या वर्षी, कोणत्या बंदरासाठी, कोणत्या कापडासाठी छापले, ही शेजारच्या पानावर लिहिलेली माहिती गेली. उरते ते देखणे चित्र. आमच्या मते हे नुकसान गंजीच्या गंजी रद्दीत जाण्याहून फारसे कमी नाही, फक्त ते सुंदर दिसते.

मराठीत संग्रहाची दुसरी परंपरा आहे आणि ती बाजाराच्या बाहेरची होती असे मानण्याची आपल्याला सवय आहे. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो घरोघरची जुनी दफ्तरे धुंडाळून. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी, वेणीफणीच्या वस्तू जमवल्या आणि दिवंगत मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभारून ते १९७५ साली शासनाला दिले. या मंडळींविषयी आदर आहेच. पण तेही पैसे मोजून वस्तू घेत, घासाघीसही करीत, हे विसरून त्यांना संत बनवण्याचे कारण नाही. केळकरांचे अडकित्ते पाहावेत: त्यांची पाती झिजलेली आहेत. वापराची खूण हा त्यांच्या लेखी दोष नव्हता, उलट ती वस्तू घरात होती याचा तो दाखला होता. आजच्या लिलावाशी खरा फरक येथे पडतो, पैशात नव्हे.

बाजाराच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. किंमत आली म्हणून कागद वाचला. वीसपंचवीस वर्षांपूर्वी ही टिकटे कोणी उचलून पाहिली नसती. संग्राहकांनी जमवली म्हणूनच बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संस्थेला २०२५ साली केवळ कापडाच्या टिकटांचे मोठे प्रदर्शन भरवता आले. कायद्याचे म्हणाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवता येत नाही. छापील टिकट त्या व्याख्येत बसते की नाही, यावर वाद घालता येईल. ते पाकिटात घालून टपालाने सहज जाते, ही वस्तुस्थिती त्या वादाची वाट पाहत नाही.

सोलापूरच्या महाविद्यालयांतून मौखिक इतिहासाचे छोटे प्रकल्प होत असतात. त्यांतील विद्यार्थ्यांनी आजीच्या ट्रंकेत, दुकानाच्या जुन्या खातेवहीत, मागाच्या खोलीतील फडताळात एखादे टिकट पाहिले तर त्याची किंमत शोधण्यापूर्वी ते उलटे करून पाहावे. मागे खळीचा पिवळा डाग असेल, कागद सोलवटलेला असेल, एखाद्या कोपऱ्यात सुताचे दोन धागे अडकलेले असतील. लिलावाच्या यादीत याला 'मागील बाजू सदोष' म्हणतात आणि बोली निम्म्यावर येते. ते टिकट कापडावर गेले होते, एवढे मात्र त्या दोन धाग्यांवरून ठामपणे सांगता येते. कोणाच्या घरातून, कोणत्या पेठेतून, केव्हा मिळाले, हे शेजारी शिसपेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. टिकटाच्या पाठीवर लिहू नये.