युगयात्रेपासून आमच्या पोट्ट्यांच्या नाटकापर्यंत

आमच्या समाजात नाटक पुस्तकातून आले नाही, ते जलशातून आले. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्यात नागपुरात झालेले 'युगयात्रा' हे त्याचेच पुढचे पाऊल. लेखक प्राचार्य म. भि. चिटणीस. आणि ते आधी बसवले कोणी? औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी! आम्हाला यातले हेच मोठे वाटते.

मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ साली मुलांसाठी 'लिटल थिएटर' काढले. तिकीट काढून बघायचे नाटक लकडगंजच्या पोट्ट्यांना कुठून मिळणार? म्हणून आम्ही मिलवाल्यांनीच विहारात नाटक बसवायला घेतले. "विहारात तमाशा नको," असे काही वडीलधारे बोलले. ते ऐकून घेतले, पण थांबलो नाही.

खरी पंचाईत पुढेच झाली. आम्ही लिहिलेली भाषणे लेकरांना पाठच होईनात. एक पोरगी म्हणाली, "दादा, घरी असं कोणी बोलते का?" मंग कागद बाजूला ठेवला. नळावरचे भांडण, आरामशीनचा भुसा, रातपाळीहून आलेला बाप, सगळे त्यांनीच घातले. मिलचा भोंगा एका पोट्ट्याने मुठीत फुंकून काढला. पडदा म्हणजे दोन लुगडी. एक जण बोलणे विसरला, तर समोर बसलेल्या आईनेच सांगितले. लोक हसले आणि तोही हसला.

पुढे २०१४ पासून ठाण्यात रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' म्हणून वस्तीतल्या मुलांकडून त्यांचीच नाटके करवून घेतली. ते वाचले तेव्हा आम्हाला ती पोरगी आठवली.

एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. भोंगा काढणारा पोट्टा आता आरामशीनवर आहे. भेटला की अजून काढून दाखवते.