फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

शाळेत आठवी-नववीच्या मुलांना 'फ्यूज कशासाठी असतो?' असे विचारले, तर बहुतेक उत्तरे दोन प्रकारची येतात. 'टी.व्ही., पंखा जळू नये म्हणून' आणि 'शॉक बसू नये म्हणून'. दोन्ही उत्तरे चूक आहेत. फ्यूज किंवा त्याच्या जागी आलेला एम.सी.बी. असतो तो भिंतीतील वायरसाठी. वायरीतून तिला सोसवेल त्यापेक्षा जास्त प्रवाह फार वेळ वाहू नये, एवढेच त्याचे मुख्य काम. माणसाला विजेचा झटका बसण्यासाठी ३० मिलिअँपिअर पुरतात आणि त्यासाठी आर.सी.सी.बी. नावाचे वेगळे साधन लावावे लागते. सोळा अँपिअरच्या एम.सी.बी.ला त्या ३० मिलिअँपिअरचा पत्ताही लागत नाही.

वायर आणि फ्यूज ही जोडी आहे हे विजेच्या दिव्याइतकेच जुने ज्ञान आहे. एडिसनने १८८० साली दिव्यांच्या मंडलात बारीक तारेचा तुकडा घालण्याचे पेटंट घेतले. प्रवाह वाढला की हा दुबळा तुकडा आधी वितळावा आणि पुढची तार वाचावी, ही कल्पना. पण किती जाडीची तार किती प्रवाहाला वितळते? याचे पद्धतशीर मोजमाप १८८०च्या दशकात विल्यम प्रीस या ब्रिटिश टपाल खात्यातील विद्युत अभियंत्याने केले. त्याचे सूत्र नववीच्या फळ्यावरही मांडता येते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाच्या, व्यस्त प्रमाणात असते. ती बाहेर पडते तारेच्या पृष्ठभागावरून, म्हणजे त्रिज्येच्या सम प्रमाणात. दोन्ही समान धरले की प्रवाहाचा वर्ग हा त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात येतो. मिलिमीटरमधील व्यासाचा दीड घात करायचा आणि तांब्यासाठी ८० ने गुणायचे. येणारे उत्तर म्हणजे तार वितळवणारा प्रवाह अँपिअरमध्ये. शिशे व कथिल यांच्या संमिश्रासाठी ८० ऐवजी सुमारे १० घ्यावे लागतात. म्हणजे आठ अँपिअरला वितळणारी तांब्याची तार ०.२ मि.मी. व्यासाची, तर संमिश्राची तिच्या जवळपास चौपट जाड. पाठ्यपुस्तकात वितळतार संमिश्राची असते असे वाचून किटकॅट उघडणाऱ्या मुलाला आत कल्हई केलेली तांब्याची बारीक तार दिसते, तेव्हा त्याचा गोंधळ होणे साहजिक आहे. जाड तार वितळताना धातू जास्त उडतो, म्हणून व्यवहारात तांबे रुळले.

त्याच सुमारास, १८८४ पासून, ब्रिटनमध्ये तारेच्या जाडीचे 'स्टँडर्ड वायर गेज' कायदेशीर झाले. या मोजणीची गंमत अशी, की क्रमांक वाढला की तार बारीक होते, कारण जुन्या कारखान्यांत तार छिद्रांमधून जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होत जाई. हेच गेज इंग्रजी मालाबरोबर आपल्याकडे आले आणि भारताने १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारल्यावरही वायरमनच्या तोंडातून गेले नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० ची, आणि आपल्याकडील बहुतेक गावांत वीज पोचली ती त्यानंतर. त्या काळातील घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे माळवद. वायरिंग सागवानी पट्टीवर, टिनच्या क्लिपांनी बसवलेले. वायर रबरी आवरणाची. दिव्यांच्या लाइनला 'एक अठरा', म्हणजे १८ गेजची एकच तार. पॉवर पॉइंटला 'तीन वीस', म्हणजे २० गेजच्या तीन तारांचा पीळ. आजच्या भाषेत पहिली सुमारे १.२ चौ. मि.मी. आणि दुसरी २ चौ. मि.मी. पहिलीला पाच अँपिअरचा फ्यूज, दुसरीला पंधराचा. जुन्या वायरमनला ही जोडी पाढ्यासारखी पाठ असे. सूत्र त्याला माहीत नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती.

जोडी मोडत असे ती घरमालकाच्या आग्रहामुळे. जुन्या नांदेडातील आमच्या घरी हेच घडले. रॉकेल संपले की आई विजेची शेगडी लावी. शेगडी २००० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. पाच अँपिअरच्या किटकॅटमधील ०.२ मि.मी.ची तार प्रीसच्या सूत्राप्रमाणे ७ ते ८ अँपिअरला वितळते. त्यामुळे स्वयंपाक अर्धा झाला की फ्यूज उडे. वडिलांनी वायरमनला बोलावले. त्याने आधी लवचीक वायरीतील दोन-तीन बारीक तारा पिळून घातल्या, आणि तरीही तक्रार आली तेव्हा 'तीन वीस'च्या तुकड्यातील एक पेड सोडवून किटकॅटमध्ये बसवला. त्यानंतर फ्यूज कधीच उडाला नाही. वायरमनचे कौतुक झाले, चहा झाला.

पुढे कॉलेजात प्रीसचे सूत्र वाचल्यावर आम्ही त्या पेडाचा हिशेब केला. व्यास ०.९१ मि.मी.; वितळण्याचा प्रवाह सुमारे ७० अँपिअर. मागची वायर मात्र 'एक अठरा'. शेगडी आणि इस्त्री एकाच वेळी लागली की तिच्यातून १३ अँपिअर जात. तांबे त्याने वितळत नाही, आणि नेमकी येथेच फसगत होते. तांबे १०८५ अंशांपर्यंत टिकते, पण आजच्या पी.व्ही.सी. आवरणाची मर्यादा ७० अंश आहे, जुन्या रबराची त्याहून कमी. रंगकामासाठी आमच्या घरातील पट्ट्या काढल्या तेव्हा शेगडीच्या बाजूचे रबर काळे पडून बोटांखाली भुगा होत होते, आणि पट्टी होती लाकडी तुळईला ठोकलेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागातील लोकांची दगडमातीच्या घरांवरील श्रद्धा उडाली. घरांची बांधणी बदलली, स्लॅब आले. शहरांत आणि मग गावांतही वायर पट्टीवरून उतरून पाइपात आणि पाइप भिंतीत गेला. दिसायला छान, पण वायरीभोवतीची मोकळी हवा गेली. आंतरराष्ट्रीय कोष्टकाप्रमाणे २.५ चौ. मि.मी.ची तांब्याची वायर भिंतीवर उघडी असेल तर २७ अँपिअर वाहते, पाइपात २४. तेही भोवतालचे तापमान ३० अंश धरून. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात तापलेल्या भिंतीत ४५ अंश सहज असतात. ७० पर्यंत जायला ३० पासून ४० अंशांची मुभा होती, आता २५ अंशांची उरली. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने २५/४० चे वर्गमूळ घ्यायचे : ०.७९. म्हणजे २४ चे १९ अँपिअर झाले. १.५ चौ. मि.मी.च्या वायरीचे १७.५ वरून १४. एकाच पाइपात तीन मंडलांच्या वायरी कोंबल्या आणि तिन्ही भारलेल्या असल्या तर आणखी ०.७ ने गुणावे लागते. हे तर कोणी विचारातही घेत नाही.

याच काळात किटकॅट गेला आणि एम.सी.बी. आला. हे साधन वाटते तितके नवे नाही. जर्मनीत मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्झच्या कंपनीने त्याचे पेटंट १९२४ मध्येच घेतले होते. त्यात दोन भाग असतात. थोड्या जास्त प्रवाहाने सावकाश वाकणारी द्विधातूची पट्टी, आणि शॉर्ट सर्किट होताच क्षणात खेचणारा विद्युतचुंबक. आकडेही बदलले : ५ आणि १५ ऐवजी ६, १०, १६, २०, २५, ३२. नवी जोडी साधारण अशी : १.५ चौ. मि.मी.ला १०, २.५ ला १६, ४ ला २०. वर काढलेल्या १४ आणि १९ शी पहिल्या दोन ताडून पाहा, म्हणजे जोडी अशीच का ते कळेल. एम.सी.बी. आकडा ओलांडताच पडतो असेही नाही. सोळाचा एम.सी.बी. १८ अँपिअरला तासभर पडणार नाही, २३ ला तासाभरात पडलाच पाहिजे, असा त्याचा नियम आहे.

किटकॅटमध्ये जाड तार घालणाऱ्याला निदान आपण काहीतरी वावगे करतो आहोत याची जाणीव असे. आता दुकानातून ३२ चा एम.सी.बी. आणून १६ च्या जागी बसवला की काम अधिकृत दिसते. लातूरसारख्या गावात याचे कारण बहुतेकदा पाण्याची मोटार असते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे नळाला पाणी आलेल्या तासात मोटार सुरू न होणे ही साधी गोष्ट नाही. एक अश्वशक्तीची मोटार चालू असताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे तीस-पस्तीस. घरात 'बी' प्रकारचा दहाचा एम.सी.बी. असेल तर त्यातील चुंबक तीन ते पाच पटीलाच, म्हणजे तिसापासून, खेचू शकतो. 'सी' प्रकारचा पाच ते दहा पटीला खेचतो. म्हणून येथे हवा असतो 'सी' प्रकारचा दहाच. आणला जातो 'बी'चा बत्तीस, कारण डबीवर अक्षरापेक्षा आकडा मोठा दिसतो.

बत्तीसचा एम.सी.बी. ३२ अँपिअर दिवसभर शांतपणे वाहू देतो. मागे २.५ ची वायर असेल तर तिची तापमानवाढ ४० अंशांच्या (३२/२४)² पट, म्हणजे ७१ अंश. मे महिन्यात ती पोचते ११६ अंशांवर. प्रत्यक्षात थोडी जास्तच, कारण तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर मुलांना घरच्या एम.सी.बी.वरील अक्षर आणि आकडा फक्त वाचून आणायला सांगावे. बोर्ड उघडायचा नाही. वायरीची जाडी तिच्या आवरणावरच छापलेली असते. ती पाहण्याचे काम मेन स्विच बंद करून वायरमननेच करावे. आमच्या एका शिक्षकमित्राने गेल्या वर्षी असे आकडे जमवले, तेव्हा पहिली विसंगती निघाली ती त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात : १.५ ची वायर, आणि तिच्यावर पंचवीसचा एम.सी.बी. वायरमनने नवी ४ ची लाइन टाकून दिली; जुनी दिव्यांसाठी ठेवून तिला दहाचा एम.सी.बी. लावला.